भोपळ्यावरचा हात

अक्काला जाऊन अकरा वर्षं झाली, बारावं लागलं, आणि लागल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा उजवा हात नरहरबुवांच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर येऊन बसला. मनगटापर्यंतचाच. त्याच्यामागे काही नव्हतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? अंगठ्याच्या बुडाशी दूध उतरवताना भाजल्याचा डाग होता, आणि जन्मभर तांदळातले खडे वेचून गुळगुळीत झालेली बोटांची टोकं होती. अक्काचाच हात. पाची बोटं पसरून, भोपळ्याच्या फुगवट्यावर, लहानपणापासून ती जिथं ठेवायची नेमका तिथंच.

माणसानं अशा वेळी काय करावं? घाबरावं, ओरडावं, निदान देवापुढे दिवा तरी लावावा. बुवांनी यातलं काही केलं नाही. सवयीनं त्यांची दोन बोटं पुढे झाली आणि त्या मनगटावर त्यांनी दोनदा टकटक केलं. म्हणजे, हात काढ.

हात निघाला नाही.

आता ही टकटक काय ते सांगायला हवं. द्वारकाअक्का बुवांहून तीन वर्षांनी मोठी. सहा वर्षांची असताना तापात तिचे डोळे गेले आणि कानही गेले. मिरजेतलं ते घर गाण्याचं. वडील गवई, त्यांनी पोरगा पाच वर्षांचा झाला तसा त्याला तंबोऱ्यापुढे बसवला. अक्का भिंतीला धरून चाचपडत यायची, शेजारी मांडी घालायची आणि भोपळ्यावर तळवा टेकवायची. तिचं तोंड असं फुलायचं की बघत राहावं. पण वडील म्हणायचे, भोपळ्याला हात लागला की आवाज दबतो. झालं! गवयाच्या घरात याच्यापुढे अपील नाही. तिला ओरडून ऐकू जाणार नव्हतं, म्हणून नरहरनं खूण काढली. मनगटावर दोन बोटं, टक टक. अक्का हात उचलायची आणि आपल्या मांडीवर ठेवायची. घटकाभरानं हात पुन्हा यायचा. पुन्हा टक टक.

असं पन्नासाहून जास्त वर्षं चाललं. तिला जेवायला उठवायला आधी आई होती, मग कामाला येणारी सरूबाई होती. बुवांना रियाज होता, बैठका होत्या, शिकवण्या होत्या. सख्ख्या बहिणीच्या हाताशी ते जन्मात जे काही बोलले ते एवढंच. पुढे तीच खूण त्यांनी क्लासातल्या मुलींनाही लावली, कारण गाणं चालू असताना तोंडानं बोलू नये, आणि भोपळ्याला हात कुणाचाही लागू शकतो.

त्या सकाळी बुवांनी सतारमेकरांच्या गल्लीतून गैबीचाचांना बोलावून आणलं. हा तंबोरा त्यांच्याच वडिलांच्या हातचा. गैबीचाचांनी चष्मा पुसला, भोपळा खालून वरून पाहिला, हाताच्या कडेनं नख फिरवलं.

"बुवा, हे निघायचं न्हाई. मूळ धरलंय."

"अहो, भोपळा वाळलेला आहे, गैबीचाचा. सत्तर वर्षांचा आहे."

"वाळला म्हणून काय झालं? वेलाचंच फळ हाय की ते."

त्यांनी चारी तारा छेडल्या, मान कलती करून ऐकल्या.

"दबलाय का?" बुवांनी विचारलं.

"दबलाय."

"किती?"

गैबीचाचांनी अंगठा आणि बोट एकमेकांजवळ नेलं. मधे फट दिसेना. "एवढा. कळणार कुणाला? मला नि तुम्हाला."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीचे चहा पितात, बुवा."

बुवांनी आपलाही अंगठा बोटाजवळ नेऊन पाहिला. एवढ्याशा फटीसाठी पन्नास वर्षं! गैबीचाचांनी मात्र कानावरची पेन्सिल काढली आणि हाताभोवती कडेकडेनं रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर रेघेच्या आत मोकळी जागा होती. हात भोपळ्यात जवभर खाली गेला होता, कणकेत बोट रुततं तसा.

"रोज एवढा जाणार बघा," ते म्हणाले. "तारांखालची जवारी घासून लावायची असली तर सांगा. याच्यावर माझ्याकडं विलाज न्हाई."

हात नुसता बसून नव्हता, हीच तर खरी पंचाईत होती. त्याची बोटं बोलत होती. पहिली दोन बोटं भोपळ्यावर दोनदा टकटक करायची, मग एकटी तर्जनी एक गोल काढायची, मग पाची बोटं थांबायची. थोड्या वेळानं परत तेच. टक टक, गोल, थांबणं. उत्तराची वाट बघावी तसं थांबणं. बुवा त्याच्यापुढे तासन्तास बसले. दरबारी कळणारा, मारव्यातला कोमल रिषभ केसाच्या अंतरानं ओळखणारा माणूस, आणि बहिणीच्या बोटांतलं एक अक्षर लागेना.

ऋजुता रोजच्यासारखी शिकायला आली. तिची पहिली जाहीर मैफल पुढच्या आठवड्यात, रविवारी होती. तिनं हात पाहिला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बुवा, याच्यावर खोळ कशी घालायची?"

"घालायची नाही," बुवा म्हणाले.

मग त्यांना तो कागद आठवला. वीस-बावीस वर्षांपूर्वी एक मुलगी दारात आली होती, रेवती आवळे नावाची. ऐकू न येणाऱ्या आणि दिसतही नसणाऱ्या माणसांसाठी पिठाच्या गिरणीवर एक केंद्र काढलंय म्हणाली. आठवड्यातून दोनदा रिक्षा पाठवू, पैसे नाहीत, हातावरच्या खुणा शिकवू, लाल-पांढरी काठी देऊ, घरच्यांनाही शिकवू. अक्काचा हात हातात घेऊन ती काहीतरी करायला लागली तशी अक्का खुदकन हसली होती. बुवा तेव्हा म्हणाले होते, "आमच्या घरी तिला काय कमी आहे? खाऊनपिऊन सुखी आहे." मुलगी कागद ठेवून गेली. खिडकीचं दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून बुवांनी तो घडी करून फटीत घातला होता. तो अजून तिथंच होता. त्यांनी तो काढला तसं दार आपटायला लागलं.

गिरणी होती दहा फुटांची. तिच्यावरची खोली मात्र बुवा चालले तरी संपेना. फरशीमागून फरशी. दोन्ही बाजूंना माणसं जमिनीवर तळवे टेकून बसली होती. खाली गिरणीवाल्यानं पट्टा चढवला, फरशी थरथरली, आणि सगळ्यांची तोंडं एकदम फुलली. एक म्हातारा छातीशी फुगा धरून होता, एक बाई त्याच्यासमोर ढोलकी वाजवत होती आणि तो फुग्यातून ताल घेऊन मान डोलावत होता. चुकत नव्हता. बुवांनी मनातल्या मनात मात्रा मोजल्या, एकही चुकत नव्हता.

खोलीच्या टोकाला रेवतीबाई बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी बुवांना लगेच ओळखलं.

"आलात?"

"उशीर झाला."

"बैल गेला आणि झोपा केला म्हणतात," रेवतीबाई म्हणाल्या. त्या रागावून बोलल्या नाहीत, त्यामुळे ते जास्त लागलं. "बसा. कोण शिकणार आहे?"

"मी. ती परत आली आहे. हातच आलाय फक्त. काहीतरी विचारतेय, मला वाचता येत नाही. आठ-दहा दिवसांत तो भोपळ्यात बुडेल."

"मग आजपासून सुरू करू. पण एक आहे, बुवा. एक खूण आत आली की एक आवाज बाहेर जातो. जागा तेवढीच असते."

"परत येतो?"

"नाही."

बुवा म्हणाले, चालेल. म्हणायला काय जातं! रेवतीबाईंनी त्यांचा हात घेऊन पाण्याची खूण शिकवली. घरी येऊन त्यांनी नळ सोडला तर पाणी मुकाट्यानं बादलीत पडत होतं. दुसऱ्या दिवशी चहाची खूण आली आणि कपबशीची किणकिण गेली. दाराची आली, तेव्हा खिडकी आपटायची थांबली. म्हणजे आपटत होती, कळत नव्हती. घड्याळ, पोळी, रस्ता, आई. 'आई' शिकलेल्या दिवशी काय गेलं ते त्यांना बराच वेळ उमगलं नाही. मग ध्यानात आलं की शेजारच्या अंगणातल्या चिमण्या नुसत्याच चोची उघडतायत. ते पायरीवर बसले आणि रडले. ते रडणं मात्र त्यांना ऐकू येत होतं.

खुणेगणिक गिरणीवरची खोलीही कमी होत होती. रोज काही फरश्या उणे. फुगेवाला म्हातारा एके दिवशी दिसला नाही, ढोलकीची बाई दिसली नाही. सातव्या दिवशी बुवांनी जिना चढून चार पावलं टाकली आणि त्यांचे गुडघे रेवतीबाईंच्या गुडघ्यांना लागले.

घरी हाताचा तळवा केव्हाच आत गेला होता. पाची बोटं अर्धी अर्धी उरली होती. टक टक, गोल, थांबणं.

"मला एवढंच एक सांगा," बुवा म्हणाले, आणि रेवतीबाईंच्या तळव्यावर त्यांनी ते जसंच्या तसं करून दाखवलं. दोनदा टकटक. तर्जनीचा गोल. थांबणं.

रेवतीबाईंनी पुन्हा करायला लावलं.

"गोल म्हणजे 'कुठे'. तेवढं मीच तिला शिकवलं होतं, त्या दिवशी तुमच्या दारात. दोन टकटक हे कुणाचं तरी नाव आहे."

"नाव कसलं? आमच्यात नावाची खूण नव्हती."

"असते, बुवा. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही त्याला माणूस कळतो तो स्पर्शानं. जो माणूस रोज जसा हात लावतो तेच त्याचं नाव. इथं गिरणीवाल्याचं नाव आहे खांद्यावर पीठ झटकल्यासारखं. माझं नाव आहे कोपर धरणं. तुमच्या घरात मनगटावर दोनदा टकटक कोण करायचं?"

बुवांनी आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. पन्नास वर्षं ते म्हणत होते, हात काढ. आणि ती बिचारी समजत होती, हा नरहर, माझा भाऊ, रोज मला आपलं नाव सांगतो.

"ती विचारतेय, तो कुठे आहे," रेवतीबाई म्हणाल्या.

"मी तिथंच असतो. तिच्या समोर. दिवसभर."

"ते तिला कसं कळणार?"

"मग 'इथे' कसं म्हणायचं ते शिकवा."

"शिकवते. आधी 'हाक' शिका, त्याशिवाय 'इथे'ला अर्थ नाही." त्यांनी हाकेची खूण शिकवली आणि त्यांचे ओठ हलत राहिले, आवाज बंद झाला. माणसांचे सगळे आवाज गेले होते. पुढचं त्यांनी बुवांच्या तळव्यावर बोटानं अक्षरं काढून सांगितलं. आता एकच आवाज उरलाय, तुमच्या तंबोऱ्याचा. 'इथे' शिकलात की तो जाईल.

बुवांनी हात मागे घेतला.

आता याला काय म्हणावं! बहीण विचारतेय, कुठे आहेस. उत्तर एका अक्षराएवढं. आणि हा बाबा रेवतीबाईंच्या तळव्यावर लिहितो काय, तर 'सोमवारी येतो'. रविवारी ऋजुताची मैफल होती. तंबोऱ्यावर बुवांनीच बसायचं असं दोन महिने ठरलेलं होतं. पोरीचा पहिला कार्यक्रम, तिला ऐनवेळी कसं सोडायचं? असं ते स्वतःला म्हणाले. खरं असं होतं की त्यांना तो षड्ज आणखी एकदा ऐकायचा होता. कागद खिडकीत खोचतानाही त्यांनी असंच काहीतरी रास्त कारण शोधलं होतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते घरी गेले.

रविवारी सकाळी दहाला सभागृहात सतरंज्या अंथरल्या होत्या. बुवा तंबोरा घेऊन मागे बसले. हाताची फक्त नखं आणि वरची पेरं दिसत होती. पहिल्या रांगेतल्या बाईंनी ती पाहिली आणि पर्समधून चष्मा काढून परत पाहिली. ऋजुताचं तोंड उघडलं, मिटलं, गळ्याची शीर फुगली. काय गायली ते बुवांना कळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तळवे एकमेकांवर पडताना दिसले. ऐकू येत होता तो एक तंबोरा. साऱ्या जगात तोच एक आवाज उरला होता, आणि तो इतका भरलेला, इतका गोल होता की बुवांनी डोळे मिटून घेतले आणि दोन तास उघडले नाहीत. दोन तास त्यांच्या मांडीशी ती बोटं टकटक करत होती, गोल काढत होती, थांबत होती. ते त्यांना जाणवत होतं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

घरी येऊन बघतात तर तीन बोटं गेली होती. दोनच उरली, पहिली दोन, नखापुरती.

तेव्हा मात्र बुवांना राहवेना. सोमवारी पहाट फुटायच्या आत ते जिन्यापाशी उभे होते. खोली आता खोली राहिली नव्हती. जिन्याच्या वरच्या पायरीवर रेवतीबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठीला भिंत होती. त्यांनी काही विचारलं नाही. बुवांचा तळवा घेतला, आपल्या छातीच्या हाडावर उताणा नव्हे, पालथा ठेवला आणि वरून दाबला. पसरलेला हात, टेकवून, घट्ट. एवढीच 'इथे'ची खूण.

बुवांनी ती पाहिली आणि ओळखली. अक्का जन्मभर भोपळ्यावर हेच तर करत होती. हात टेकवून दाबून धरायची. त्यांनी प्रत्येक वेळी तो काढायला लावला होता.

ते धावतच घरी आले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी धावणं कसलं, पण धावले. ऋजुता येऊन बसली होती, तंबोरा जुळवून छेडत होती. तिचा एक हात खुंटीवर, एका हाताची बोटं तारांवर फिरत होती. तारा हलताना दिसत होत्या. दुसरं काही नव्हतं. कानांत, डोक्यात, घरात, कुठंच काही नव्हतं.

बुवा तिच्या शेजारी मांडी घालून बसले. अक्का बसायची त्याच जागी. दोन नखं भोपळ्यावर हलली. टक टक. एका नखानं गोल काढला, आता तो दाण्याएवढाच होता. मग थांबली.

बुवांनी तळवा भोपळ्यावर टेकवला, नखांच्या अगदी जवळ.

आधी काही कळलं नाही. मग मांडीवरच्या मांजराची घुरघुर कळावी तसा षड्ज तळव्यात आला. मनगटात आला, कोपरात आला, खांद्यातून छातीत उतरला. कानानं त्यांनी तो जन्मभर ऐकला होता, पण तो इतका आत कधी आला नव्हता. हे होय! एवढंच हवं होतं तिला. द्यायला काय लागलं असतं? काही नाही, काही लागलं नसतं. बुवांचे डोळे भरून वाहायला लागले आणि त्यांनी तळवा दाबला, घट्ट. इथे, अक्का. मी इथे आहे.

नखं गोल काढता काढता थांबली. त्यांच्या हाताच्या कडेनं चाचपत वर आली आणि मनगटावर दोनदा पडली. टक टक.

बुवांनी ऋजुताकडे पाहिलं. तिचा एक हात खुंटीवर होता आणि एक तारांवर.

त्यांनी खाली पाहिलं. नखं नव्हती. भोपळा गुळगुळीत होता, गैबीचाचांची पेन्सिलीची रेघ तेवढी उरली होती. त्यांनी तिच्यावर हात फिरवायला म्हणून तळवा उचलला, तर तो उचलेना. दुखत नव्हतं. उलट ऊबच होती. बोटं आत होती, अंगठा आत होता, मनगटापर्यंतचं सगळं आत होतं, आणि आत त्याला कुणीतरी धरलं होतं की नुसता भोपळ्याचा गर होता, हे बुवांना सांगता आलं नसतं.

ऋजुतानं छेडणं थांबवलं. मान कलती करून तिनं पुन्हा एकदा तार छेडली, ऐकली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ती बुवांकडे वळून काहीतरी बोलली. पुन्हा बोलली. बुवा नुसतेच तिच्या तोंडाकडे बघत राहिले, तेव्हा तिनं खुंटीवरचा हात सोडला, दोन बोटं पुढे केली आणि त्यांच्या मनगटाकडे नेली.